दोन ८११-ए नळ्यांचा लिनियर: घरी बांधताना आणि नंतर सांभाळताना

ट्रान्सफॉर्मर गुंडाळून देणाऱ्याला "सेकंडरी ९५० व्होल्ट, ४०० मिली अँपिअर" असं सांगितलं की तो हातातलं काम थांबवून वर बघतो. "पंच्याण्णव म्हणायचंय का साहेब?" नाही, साडेनऊशेच. असं विचारणारा कारागीर चांगला समजायचा, कारण दोन थरांमधला इन्सुलेशनचा कागद तो मोजून घालणार असतो. काहीही न विचारता "परवा या" म्हणणाऱ्या एकाकडून मी ट्रान्सफॉर्मर आणला होता. तिसऱ्या दिवशी तो आतून तडतडायला लागला आणि चौथ्या दिवशी भंगारात गेला.

सुरुवात ट्रान्सफॉर्मरपासून केली त्याला कारण आहे. नळ्यांचा (व्हॅक्यूम ट्यूबचा) लिनियर, म्हणजे हॅम (हौशी) रेडिओच्या ट्रान्समीटरची पॉवर वाढवणारा अ‍ॅम्प्लिफायर, म्हटलं की सगळ्यांचं लक्ष त्या चमकणाऱ्या काचेकडे असतं. बांधताना मात्र निम्म्याहून जास्त वेळ, पैसा आणि काळजी पॉवर सप्लायला लागते. नळी तुमच्या पुष्कळ चुका पोटात घालते. तेराशे व्होल्ट घालत नाहीत.

काय बांधायचं आणि का

हा लेख एकाच ठरावीक लिनियरचा आहे: दोन ८११-ए समांतर, ग्राउंडेड ग्रिड (ग्रिड थेट सांगाड्याला जोडलेला), फक्त ४० मीटरचा (७ मेगाहर्ट्झचा) बँड, आउटपुट अंदाजे २५० वॉट. पहिल्याच फटक्यात सगळ्या बँडचा लिनियर बांधायला जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. बँडस्विच, टॅप घेतलेली कॉइल आणि २८ मेगाहर्ट्झवर ८११-एचा वांडपणा या तीन गोष्टी एकदम अंगावर घेतल्या की प्रकल्प माळ्यावर जातो. ४० मीटरवर ही नळी गरीब गाईसारखी वागते.

आपल्याकडच्या जुन्या हॅममंडळींची लाडकी नळी ८०७. पण तिची प्लेट २५-३० वॉटच उष्णता सोसते, आणि मोठी पॉवर काढायची तर चार-चार लावाव्या लागतात. दुसऱ्या टोकाला ३-५००झेड: नळी उत्तम, पण फिलॅमेंटलाच ५ व्होल्टवर साडेचौदा अँपिअर लागतात, शिवाय नीट हवा खेळवणारा खास सॉकेट. ८११-ए मधली आहे. फिलॅमेंट ६.३ व्होल्ट, ४ अँपिअर. प्लेटची उष्णता सोसण्याची क्षमता अधूनमधून वापराच्या हिशेबाने ६५ वॉट. ग्रिडला वेगळा निगेटिव्ह सप्लाय लागत नाही आणि स्क्रीन ग्रिड नाहीच, म्हणजे स्क्रीनचा सप्लाय आणि त्याची भानगडही नाही. साधा चार पिनांचा सॉकेट, वर प्लेटची टोपी. झालं.

आता जरा कडू हिशेब. तुमचा रिग (रेडिओ संच) ४० वॉटचा असेल तर २५० वॉट म्हणजे ८ डीबीची (डेसिबलची) वाढ, समोरच्याकडे सिग्नलची ताकद दाखवणाऱ्या एस मीटरवर सव्वा एसच्या आसपास. रिग १०० वॉटचा असेल तर वाढ ४ डीबी, म्हणजे एक एसही पुरता नाही. १०० वॉटवाल्यांनी आधी डायपोल (तारेची अँटेना) चार-पाच मीटर वर चढवावा. लिनियरपेक्षा स्वस्तात काम होईल. तरीही बांधायचाच असेल तर बांधा. मीही त्यातलाच.

परवान्याचं बघून घ्या. आपल्याकडे जनरल ग्रेडला एचएफवर (३ ते ३० मेगाहर्ट्झ) ४०० वॉटची मर्यादा आहे, रिस्ट्रिक्टेडला ५० वॉट. म्हणजे हा लिनियर फक्त जनरल ग्रेडवाल्यांसाठी.

पॉवर सप्लाय

९५० व्होल्टचं ब्रिजने एकदिशीकरण करून कंडेन्सरवर साठवलं की भार नसताना ९५० गुणिले १.४१४, म्हणजे १३४३ व्होल्ट मिळतात. पूर्ण बोलताना ते १२०० च्या आसपास उतरतात. पुढची सगळी गणितं १२०० धरून केली आहेत.

डायोड १एन५४०८, ब्रिजच्या प्रत्येक भुजेत तीन ओळीने, एकूण बारा. एकाच पट्टीतले, एकाच बॅचचे घेतले तर त्यांना समांतर रेझिस्टन्स लावायची गरज नाही.

फिल्टरला २२० मायक्रोफॅराड ४५० व्होल्टचे चार इलेक्ट्रोलिटिक ओळीने. एकत्रित ५५ मायक्रोफॅराड आणि १८०० व्होल्टची ताकद. यांत साठणारी ऊर्जा सुमारे ५० ज्यूल. ५० हा आकडा लहान वाटतो, पण ती क्षणार्धात तुमच्या एका हातातून दुसऱ्या हातात गेली तर तो क्षण शेवटचा ठरू शकतो.

म्हणून प्रत्येक कंडेन्सरवर स्वतंत्र ब्लीडर (बंद केल्यावर साठा रिकामा करणारा रेझिस्टन्स): ४७ किलोओहम, १० वॉट, वायरवाउंड. प्रत्येकावर ३३६ व्होल्ट पडतात आणि अडीच वॉटपेक्षा थोडी कमी उष्णता होते. १० वॉटचा रेझिस्टन्स त्यामुळे कोमटच राहतो आणि वर्षानुवर्षं टिकतो. सप्लाय बंद केल्यावर ३५ सेकंदांत व्होल्टेज ५० च्या खाली येतं. इथे पैसे वाचवून दोन वॉटचे लावू नका. ते काही महिन्यांत तपकिरी होतात आणि एक दिवस गुपचूप ओपन होतात.

माझ्या पहिल्या लिनियरमध्ये हेच झालं. चारपैकी एक ब्लीडर ओपन होता. सप्लाय बंद केला, मनात साठपर्यंत मोजलं, झाकण काढलं. हात घालायच्या आधी सवयीने शॉर्टिंगची काठी टेकवली तर फट्ट असा आवाज आणि तांब्याच्या आकड्यावर काळा डाग. तीन कंडेन्सर रिकामे झाले होते, चौथा भरलेला बसला होता. तेव्हापासून मी काठी आधी दोन टोकांना आणि मग प्रत्येक कंडेन्सरवर वेगळी टेकवतो.

ही काठी सगळ्यात आधी बनवा. हातभर लांब सुकी पीव्हीसी नळी, टोकाला तांब्याचा आकडा, आकड्याला जाड लवचिक वायर आणि वायरच्या दुसऱ्या टोकाला मजबूत क्लिप. क्लिप आधी चासीला (धातूच्या सांगाड्याला), मग आकडा एचटीला, म्हणजे उच्च व्होल्टेजच्या टोकाला. उलटा क्रम कधीच नाही. काम चालू असेपर्यंत आकडा एचटीवर लटकवून ठेवायचा.

मेनच्या बाजूला दोन्ही वायरी तोडणारा डबल पोल स्विच, ४ अँपिअरचा स्लो-ब्लो फ्यूज आणि झाकणाखाली मायक्रोस्विच, म्हणजे झाकण उघडलं की प्रायमरी तुटली. रिकामे कंडेन्सर एकदम मेनवर टाकले तर स्विचच्या पाती चिकटतात. त्यासाठी प्रायमरीत ३३ ओहम २५ वॉटचा रेझिस्टन्स ओळीने टाकायचा आणि दोनेक सेकंदांनी रिलेने तो बायपास करायचा. एचटीच्या पॉझिटिव्ह वायरीत कंडेन्सरनंतर २२ ओहम २० वॉटचा वायरवाउंड. नळीत कधी आतल्या आत ठिणगी उडाली तर विजेचा लोंढा हा अडवतो, नाहीतर मीटर आणि डायोड दोन्ही जातात.

घरात आरसीसीबी बसवलाय म्हणून निर्धास्त राहू नका. तो मेनच्या फेज आणि न्यूट्रलमधला फरक मोजतो. ट्रान्सफॉर्मरच्या पलीकडच्या १३०० व्होल्टला तुम्ही चिकटलात तर त्याला त्याचा पत्ताही लागत नाही.

फिलॅमेंटचा ट्रान्सफॉर्मर वेगळाच ठेवा: ६.३ व्होल्ट, १० अँपिअर, सेंटर टॅपसह. एकाच गाभ्यावर दोन्ही गुंडाळून घेतले की एचटी बंद ठेवून नुसतं फिलॅमेंट तपासता येत नाही, आणि ते तर वारंवार करावं लागतं.

मीटर आणि मधला रस्ता

इथे नवीन लोक हमखास गोंधळतात, म्हणून जरा थांबून सांगतो. फिलॅमेंटच्या सेंटर टॅपमधून प्लेटचा आणि ग्रिडचा असे दोन्ही करंट एकत्र बाहेर येतात. ही वायर एका जंक्शनवर आणायची. जंक्शनपासून ५०० मिली अँपिअरचा मीटर एचटीच्या निगेटिव्हला: हा फक्त प्लेटचा करंट दाखवतो. त्याच जंक्शनपासून १५० मिली अँपिअरचा मीटर चासीला: हा फक्त ग्रिडचा. याचा अर्थ एचटीचा निगेटिव्ह चासीला थेट जोडायचा नाही. थेट जोडलात तर दोन्ही मीटर खोटं बोलतील. मात्र निगेटिव्ह आणि चासी यांच्यामध्ये दोन १एन५४०८ उलटसुलट जोडा आणि प्रत्येक मीटरवरही तशीच जोडी लावा, म्हणजे मीटर जळून ओपन झाला तरी निगेटिव्ह हजार व्होल्टवर तरंगत राहणार नाही.

सेंटर टॅप आणि जंक्शन यांच्यामध्ये आणखी दोन गोष्टी येतात. पहिली, सहा १एन५४०८ सरळ दिशेने ओळीत, अ‍ॅनोड सेंटर टॅपकडे. यांवर चार-साडेचार व्होल्ट पडतात आणि नळीला तेवढा बायस (ग्रिडचं स्थिर निगेटिव्ह व्होल्टेज) आपोआप मिळतो. ८११-ए १२५० व्होल्टपर्यंत बायसशिवाय चालते. आपल्याकडे शांत असताना व्होल्ट त्याच्या वर जातात, म्हणून ही सोय. दुसरी गोष्ट रिलेची एक पाती, तिला समांतर ४७ किलोओहम. ऐकताना पाती उघडी राहते, नळ्या कटऑफला जातात (करंट थांबतो), कानात खरखर येत नाही आणि फुकटची उष्णताही होत नाही.

एचटीचं व्होल्टेज दाखवणारा मीटर हवाच. १ मिली अँपिअरचा मीटर आणि १५० किलोओहम अर्ध्या वॉटचे दहा रेझिस्टन्स ओळीने: पूर्ण काटा म्हणजे १५०० व्होल्ट. एकच दीड मेगओहमचा लावू नका, एका छोट्या रेझिस्टन्सला एवढं व्होल्टेज पेलत नाही. आणि हातातला साधा मल्टिमीटर बहुधा १००० व्होल्टपर्यंतचाच असतो. तो या सप्लायवर लावणं म्हणजे हातात सुतळी बॉम्ब धरणं.

आरएफची (रेडिओ फ्रिक्वेन्सीची) बाजू

चासीला २ मिलिमीटरचा अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा. नळ्या उभ्याच बसवा. दोघींमध्ये बोटभरापेक्षा जास्त जागा सोडा आणि बाजूने १२ व्होल्टचा पंखा लावा. इनपुटचा सगळा पसारा चासीच्या खाली, आउटपुटचा वर. ही वाटणी जितकी कडक, तितका लिनियर शहाणा.

ग्रिडच्या पिना चासीला जोडताना वायर नको, तांब्याची रुंद पट्टी घ्या आणि ती शक्य तितकी आखूड ठेवा. ग्राउंडेड ग्रिडमध्ये ग्रिड म्हणजे इनपुट आणि आउटपुट यांच्यामधली भिंत. वायर लांबली की भिंतीला भोक पडतं.

फिलॅमेंटमधून ८ अँपिअर जायला हवेत, पण आरएफ मागे ट्रान्सफॉर्मरकडे जायला नको. त्यासाठी दुहेरी तारेचा चोक. जुन्या ट्रान्झिस्टर रेडिओतली १० मिलिमीटर जाडीची फेराइट कांडी घ्या, तिच्यावर टेपचा एक थर आणि १४ गेजच्या दोन एनॅमल तारा शेजारीशेजारी धरून २० वेढे. कांडी ठिसूळ असते, त्यामुळे तार आधी तेवढ्याच जाडीच्या ड्रिल बिटवर गुंडाळून मग सरकवा. मी दोन कांड्या मोडल्यावर शहाणा झालो.

इनपुटला छोटं पाय-नेटवर्क (ग्रीक π अक्षरासारखी दोन कंडेन्सर आणि मध्ये कॉइल अशी जोडणी): रिगकडे ६८० पीएफ, नळीकडे ४७० पीएफ, दोन्ही सिल्व्हर मायका, मध्ये दीड मायक्रोहेन्रीची कॉइल. ही २० मिलिमीटर व्यासाचे ११ वेढे २५ मिलिमीटर लांबीत बसवले की मिळते. हे सुरुवातीचे आकडे आहेत. लिनियर चालू झाल्यावर कॉइल जराशी दाबत किंवा ताणत रिगला दिसणारा एसडब्ल्यूआर (भार किती जुळला याचं माप) दीडच्या खाली आणायचा. इथून पुढे ०.०१ मायक्रोफॅराडच्या दोन कंडेन्सरमधून फिलॅमेंटच्या दोन्ही टोकांना.

प्रत्येक प्लेटच्या टोपीला स्वतंत्र पॅरासिटिक सप्रेसर (नको असलेली आंदोलनं दाबणारा भाग): ४७ ओहम २ वॉटचा कार्बन रेझिस्टन्स, त्याच्यावर जाड तारेचे तीन-चार वेढे, दोघे समांतर. वायरवाउंड इथे चालणार नाही, कारण तो स्वतःच कॉइल आहे. टोपीची क्लिप स्प्रिंगची असावी आणि तिथून निघणारी पट्टी पातळ, लवचिक. काच आणि धातूचा सांधा तिथे असतो. त्याच्यावर ताण आला की बारीक तडा जातो आणि हवा आत शिरते.

प्लेट चोक टेफ्लॉनच्या २५ मिलिमीटर दांड्यावर, २८ गेजच्या तारेचे १३० वेढे लागून-लागून. पीव्हीसीचा दांडा वापरला तर तापून मऊ होतो. चोकच्या खालच्या टोकाला ०.००१ मायक्रोफॅराड ३ किलोव्होल्टचे दोन सिरॅमिक कंडेन्सर चासीला. प्लेटपासून पुढे आरएफ १००० पीएफ, ५ किलोव्होल्टच्या कंडेन्सरमधून जातं.

आता आउटपुटचं पाय-नेटवर्क, या यंत्राचा आत्मा. दोन नळ्यांचा पूर्ण करंट ३५० मिली अँपिअर धरला तर नळीला हवा असलेला भार १२०० भागिले (१.५७ गुणिले ०.३५), म्हणजे साधारण २२०० ओहम. तो ५० ओहमला उतरवायचा आहे. क्यू (सर्किटच्या अनुनादाची धार) १२ धरून ७.१ मेगाहर्ट्झवर हे आकडे येतात: प्लेटकडचा कंडेन्सर १२२ पीएफ, कॉइल ४.६ मायक्रोहेन्री, अँटेनाकडचा कंडेन्सर ६८० पीएफ.

कॉइल: १२ गेजची तांब्याची तार, ५० मिलिमीटर व्यास, १२ वेढे, एकूण लांबी ५५ मिलिमीटर. पाइपच्या तुकड्यावर गुंडाळायची, पाइप काढून टाकायचा, मग वेढ्यांमध्ये सारखी फट पाडायची. प्लेटकडचा व्हेरिएबल (फिरवून बदलणारा कंडेन्सर) मोठ्या फटीचा हवा. त्याच्या पात्यांवर हजार व्होल्टच्या वर आरएफ असतं, दीड मिलिमीटरपेक्षा कमी फट असेल तर ठिणग्या उडतात. जी काही कटकट शोधताना होते ती याचीच. पुण्यात बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या आसपास, मुंबईत लॅमिंग्टन रोडला फेऱ्या मारा, पण खरा माल बहुधा एखाद्या जुन्या हॅमच्या पेटाऱ्यातून निघतो. अँटेनाकडची बाजू सोपी: २५० वॉटला ५० ओहमवर शिखराचं व्होल्टेज १५८ च. जुन्या वॉल्व्ह रेडिओतला दोन विभागांचा गँग (स्टेशन लावायचा व्हेरिएबल), दोन्ही विभाग समांतर, मस्त चालतो.

शेवटची वस्तू स्वस्त आणि न टाळण्यासारखी: अँटेनाच्या सॉकेटपासून चासीला २.५ मिलिहेन्रीचा चोक. मधला ५ किलोव्होल्टचा कंडेन्सर कधी शॉर्ट झाला तर बाराशे व्होल्ट डीसी थेट गच्चीवरच्या तारेवर जातात, आणि गच्चीवर कपडे वाळत घालणारी माणसं असतात. हा चोक असला तर तिथल्या तिथे फ्यूज उडतो.

वीज लावण्याआधी

ही युक्ती मला फार उशिरा कळली. नळ्या जागेवर, मेनची पिन काढलेली, एचटी शॉर्ट केलेली. प्लेटपासून चासीला २.२ किलोओहमचा साधा कार्बन रेझिस्टन्स आखूड पायांनी लावा. अँटेनाच्या सॉकेटला नॅनो व्हीएनए (सर्किटचा इम्पीडन्स दाखवणारं छोटं यंत्र) जोडा आणि ७.१ मेगाहर्ट्झवर दोन्ही कंडेन्सर फिरवत ५० ओहम दिसेपर्यंत जुळवा. जुळत नसेल तर कॉइल ताणा किंवा दाबा. जुळलं की डायलवर पेन्सिलने खूण करा. एकही व्होल्ट न लावता नव्वद टक्के ट्यूनिंग झालं. नंतर तो रेझिस्टन्स काढायला विसरू नका, एवढंच.

आता पहिली वीज. दुरुस्तीवाल्यांकडे असतो तसा सिरीज बोर्ड घ्या, १०० वॉटचा बल्ब लावलेला. बल्ब जुना, तारेचाच हवा. एलईडीचा इथे काही उपयोगाचा नाही. आधी फक्त फिलॅमेंट, तेही बल्बशिवाय. सॉकेटच्या पिनांवर ६.० ते ६.६ व्होल्ट मिळायला हवेत. मोजायचं पिनांवर, ट्रान्सफॉर्मरवर नाही, कारण ८ अँपिअरला चोकमध्येही थोडं पडतं. संध्याकाळी व्होल्टेज डाऊन होणाऱ्या गावांत ही मोजणी दुपारी आणि रात्री अशी दोनदा करा. फार फरक पडत असेल तर स्टॅबिलायझर घ्या.

नळ्या नवीन असल्या तरी गोदामात वर्षानुवर्षं पडलेल्या असतात. पहिले चार-पाच तास नुसतं फिलॅमेंट लावून ठेवा, मगच एचटी.

मग नळ्यांच्या टोप्या काढून, बल्ब लावून नुसता एचटी. बल्ब क्षणभर उजळतो आणि मंदावतो. उजळूनच राहिला तर कुठेतरी शॉर्ट आहे. पिन काढा, काठी लावा, शोधा. सगळं ठीक असेल तर बल्ब काढून पूर्ण व्होल्टेज बघा, बंद करा, काठी लावा, टोप्या चढवा. अँटेनाऐवजी डमी लोड (पॉवर गिळणारा ५० ओहमचा रेझिस्टन्स) जोडून, रिगचं ड्राइव्ह न देता लिनियर ट्रान्समिटवर घ्या. शांत असताना प्लेट करंट ३० ते ६० मिली अँपिअरमध्ये कुठेतरी स्थिर राहायला हवा. कंडेन्सर फिरवताना तो एकदम उडी मारत असेल तर लिनियर स्वतःच ऑसिलेट होतोय. ग्रिडच्या पट्ट्या आणि सप्रेसर पुन्हा बघा.

या सगळ्या वेळात एक हात खिशात, पायाखाली रबरी मॅट किंवा सुका पाट, आणि घरात दुसरं कुणीतरी, ज्याला मेन स्विच कुठे आहे हे ठाऊक आहे.

ट्यूनिंग

रिग १० वॉटवर, सीडब्ल्यू (मोर्सचा सलग सिग्नल). अँटेनाकडचा कंडेन्सर पूर्ण बंद, म्हणजे पाती आत. प्लेटकडचा फिरवत प्लेट करंटचा खड्डा शोधा. मग अँटेनाकडचा थोडा उघडा, पुन्हा प्लेटकडचा, नजर आउटपुट मीटरवर. हळूहळू ड्राइव्ह ३० वॉटच्या आसपास न्या. शेवटी प्लेट ३५० मिली अँपिअर, ग्रिड १०० च्या आत, आउटपुट अडीचशेच्या जवळ.

ग्रिडचा काटा खरा शिक्षक. तो शंभराच्या वर पळतोय आणि प्लेट करंट मात्र मागे आहे, याचा अर्थ लोडिंग हलकं आहे: अँटेनाकडचा कंडेन्सर आणखी उघडा. ग्रिड मरगळलेला, प्लेट करंट भरपूर आणि आउटपुट कमी, तर लोडिंग जड झालंय.

की दाबून ठेवायची ती पाच सेकंद, मग तेवढीच उसंत. हिशेब करा: ४२० वॉट आत, २५० बाहेर, उरलेले १७० प्लेटवर. दोन नळ्यांची क्षमता १३०. बोलताना सरासरी खूप खाली असते म्हणून एसएसबीला (आवाजाच्या प्रसारणाला) काही होत नाही, पण "हॅलो हॅलो" करत अर्धा मिनिट शीळ घातलीत तर प्लेट लाल होईल. एफटी-८ (संगणकाने चालणारा डिजिटल प्रकार) चालवायचं असेल तर आउटपुट निम्म्यावर आणा, कारण तिथे जवळजवळ तेरा सेकंद सलग पूर्ण करंट वाहतो.

सांभाळणं

कोकणात किंवा घाटमाथ्यावर राहत असाल तर पावसाळा हा या यंत्राचा खरा शत्रू. जून ते सप्टेंबर आठवड्यातून दोनदा तरी निदान फिलॅमेंट तासभर लावून ठेवा. आतली ओल जाते. दोनेक महिने बंद राहिलेला लिनियर थेट सुरू करू नका. आधी झाकण उघडून मऊ ब्रशने धूळ काढा, मग पुन्हा सिरीज बल्बवर अर्धा तास. इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर असे हळूहळू जागे केले की तक्रार करत नाहीत.

आणि पाली. ऊब असते म्हणून त्या आत येतात, आणि प्लेट चोकपासून चासीपर्यंत बरोब्बर एक पाल मावते. मी पंख्याच्या आणि हवेच्या प्रत्येक भोकावर बारीक जाळी लावली ती दुसऱ्या पालीनंतर. जळक्या वासाने दोन दिवस खोलीत बसवत नव्हतं.

सहा महिन्यांतून एकदा सॉकेटच्या पिना आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. ८ अँपिअर वाहणाऱ्या ढिल्या पिना तापतात, तापल्या की आणखी ढिल्या होतात. पिनेवर निळसर-काळा रंग दिसला तर सॉकेटची पाती आवळा. सगळे स्क्रू, विशेषतः ग्रिडच्या पट्ट्यांचे, पुन्हा आवळा. व्हेरिएबलच्या पात्यांतली धूळ ब्लोअरने उडवा. ब्लीडर वर्षातून एकदा मल्टिमीटरने एकेक मोजा. माझी गोष्ट वर सांगितलीच आहे.

नळी म्हातारी झाली हे कसं ओळखायचं? लॉगबुकच्या मागच्या पानावर पहिल्या दिवसाचे आकडे लिहून ठेवा: ड्राइव्ह, प्लेट, ग्रिड, आउटपुट, फिलॅमेंट. तेवढ्याच ड्राइव्हला आउटपुट दोनशेच्या खाली यायला लागलं आणि फिलॅमेंटचं व्होल्टेज बरोबर आहे, तर नळीतलं बळ सरलं. काचेच्या आतल्या भिंतीवर निळी झाक दिसली तर घाबरू नका, इलेक्ट्रॉन काचेवर आपटल्याने ती दिसते. पण प्लेट आणि ग्रिडच्या मध्ये जांभळट धूर भरल्यासारखा दिसला तर आत वायू आहे. आतला चंदेरी गेटर (उरलासुरला वायू शोषणारा लेप) पांढरा पडलेला दिसला तर नळीत हवा शिरली, ती टाकून द्या.

दोन नळ्यांपैकी एकीचीच प्लेट तांबूस होत असेल तर टोप्या नव्हे, नळ्यांच्या जागा बदलून बघा. लाली नळीबरोबर गेली तर दोष नळीचा, जागेवरच राहिली तर सप्रेसर किंवा सॉकेटचा. हे करताना नळी बेसला धरून उपटायची. काचेला धरून हलवत काढली की बेसचा सिमेंट सुटतो, काच बेसमध्ये फिरते आणि आतल्या तारा एकमेकींना लागतात. असा सुटलेला बेस वेळीच लक्षात आला तर उष्णता सोसणाऱ्या सिलिकॉनने पुन्हा चिकटवता येतो. एक दिवस उलटी ठेवून सुकू द्यायची, मग ओहममीटरने ग्रिड आणि फिलॅमेंटमध्ये शॉर्ट नाही ना ते बघून सॉकेटमध्ये बसवायची.